संत (ख्रिस्ती शास्त्रातला आणि भाषेतला अर्थ)

संत म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर ज्ञानोबा-तुकोबा येतात, आणि ख्रिस्ती संत म्हटलं की चर्चमधला पुतळा, डोक्यामागे तेजाचं वलय, नावाआधी 'सेंट'. बायबलमध्ये मात्र हा शब्द ज्यांच्यासाठी आलाय ती बहुतेक सगळी त्या वेळी जिवंत असलेली साधी माणसं होती, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, आणि त्यातली काही तर चांगलीच भांडखोर होती. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, संत म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून देवाचा झालेला कुठलाही माणूस. मेलेल्या थोर माणसांपैकी काहींना चर्चने अधिकृतपणे द्यायचं पद, हा अर्थ पुढच्या शतकांत तयार झाला. आज दोन्ही अर्थ चालू आहेत, बोलणारा कुठल्या पंथाचा आहे त्यावरून कुठला घ्यायचा ते कळतं.

मुळात जायचं तर हिब्रू शब्द 'कादोश' पासून सुरुवात करावी लागते. याचा गाभा वेगळं काढून ठेवणं असा आहे. जळत्या झुडपापाशी मोशेला चपला काढायला सांगितलं ती जमीन कादोश, आठवड्याचा सातवा दिवस कादोश, मंदिरातली भांडी कादोश. आता जमिनीला किंवा भांड्याला काही चारित्र्य नसतं, त्यामुळे इथे सद्गुणाचा प्रश्नच येत नाही, ती वस्तू कोणाची आहे एवढाच मुद्दा. मराठीत 'पवित्र' म्हटलं की आधी निर्मळ, स्वच्छ असं मनात येतं. 'सोवळं' हा शब्द जास्त जवळचा वाटतो कारण त्यात वेगळं ठेवणं आहे, पण सोवळ्यात सगळा जोर 'शिवू नको' वर आहे. मला विचाराल तर सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द 'वाहिलेलं' हा आहे. देवाला फूल वाहिलं म्हणून ते फूल जास्त सुंदर होत नाही, त्याचा वास वाढत नाही, पण ते आता देवाचं झालं आणि कोणी ते उचलून केसात माळणार नाही. ज्यू लोकांत लग्नाच्या विधीतल्या पहिल्या भागाला 'किद्दुशिन' म्हणतात, तो शब्द याच धातूचा, म्हणजे नवरी आता नवऱ्यासाठी वेगळी झाली.

मग वागणुकीचं काय? तर ती नात्याच्या मागून येते. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात देव सांगतो की मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा, आणि हे फक्त याजकांना नाही, अख्ख्या इस्राएल लोकांना. आणि लगेच पुढे काय सांगितलंय ते बघण्यासारखं आहे: शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पवित्रपणा म्हणून जे अपेक्षित होतं त्यात धूप-दिव्याइतकीच ही मजुरीची गोष्ट आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जुन्या करारात आणखी एक शब्द आहे, 'हसीद', म्हणजे देवाशी एकनिष्ठ आणि मायाळू माणूस. ११६व्या स्तोत्रात देवाला आपल्या भक्तांचं मरण मोलाचं वाटतं अशी ओळ आहे तिथे हा शब्द आहे, आणि इंग्रजी बायबलमध्ये बऱ्याचदा त्याचंही भाषांतर 'सेंट्स' असंच केलंय, त्यामुळे दोन वेगळ्या छटा एकात मिसळून गेल्यात. दानीएलच्या ७व्या अध्यायात, जो अरामी भाषेत आहे, परात्पराचे पवित्र जन राज्य मिळवतील असं म्हटलंय, आणि तिथेही बोलणं एका थोर माणसाबद्दल नसून समूहाबद्दल आहे.

हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा कादोशसाठी 'हागिओस' हा शब्द घेतला. ग्रीकमध्ये देवळाशी संबंधित अशा अर्थाचा 'हिएरोस' हा जास्त रुळलेला शब्द होता, तरी भाषांतर करणाऱ्यांनी हागिओसच पसंत केला आणि तोच नव्या करारात आला. त्याचं अनेकवचन 'हागिओई', विश्वासणाऱ्यांसाठी हे साठेक वेळा येतं. येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांना, पत्र लिहितो तेव्हा त्यांना 'बोलावलेले पवित्र जन' म्हणतो, बऱ्याच भाषांतरांत तिथे 'होण्यासाठी' बोलावलेले असं दिसतं पण ग्रीकमध्ये 'होण्यासाठी' नाहीये, ते आताच आहेत. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो शेवटी कैसराच्या घरच्या पवित्र जनांचा नमस्कार कळवतो, म्हणजे सम्राटाच्या सेवेतले लोक, त्यात दास आणि नोकरचाकर असणार. हनन्या नावाचा एक शिष्य प्रभूला म्हणतो की या शौलाने यरुशलेमातल्या तुझ्या पवित्र जनांचं किती वाईट केलंय, आणि तोच शौल पुढे पौल होऊन त्याच पवित्र जनांसाठी गावोगावी वर्गणी गोळा करतो. यरुशलेमातले लोक गरिबीत होते म्हणून. म्हणजे 'संतांसाठी दान' याचा मूळ अर्थ भुकेल्या भावंडांना पैसे पाठवणं असा होता.

आणि करिंथ! करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्याच ओळीत पौल त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले, पवित्र जन म्हणतो. पुढे वाचत जा. मंडळीत तट पडलेत, एक जण बापाच्या बायकोबरोबर राहतोय, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) वेळी कोणी उपाशी आणि कोणी पिऊन तर्र. पौल रागावतो, चांगलाच रागावतो, पण तुम्ही पवित्र जन नाही असं म्हणत नाही, उलट त्याचा सगळा युक्तिवाद हाच की तुम्ही देवाचे आहात मग हे असलं कसं चालतं. मार्क मिळवून पास झालेल्यांना मिळणारी पदवी अशी जर संतपणाची कल्पना असेल तर करिंथचं पत्र कळणारच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. नव्या करारात हा शब्द विश्वासणाऱ्यांसाठी जवळजवळ नेहमी अनेकवचनात येतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात एकदा एकवचन आहे पण तेही 'प्रत्येक पवित्र जनाला सलाम सांगा' असं, म्हणजे पुन्हा सगळेच. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला शुभवर्तमान लिहिणारा मार्क नीतिमान आणि पवित्र माणूस म्हणतो, पण ते विशेषण झालं. 'देवाचा पवित्र' असं एकट्याला म्हटलंय ते येशूला, एकदा अशुद्ध आत्म्याने आणि एकदा त्याचा शिष्य पेत्र याने. 'संत पौल', 'संत मत्तय' अशी नावं बायबलच्या आतल्या मजकुरात कुठेच नाहीत, शुभवर्तमानांची (येशूच्या जीवनावरच्या पुस्तकांची) जुनी ग्रीक शीर्षकं नुसती 'मत्तयानुसार', 'मार्कानुसार' एवढीच आहेत.

भाषेने पुढे थोडा घोळ घातला. लॅटिनमध्ये हागिओसचं 'सांक्तुस' झालं, त्यातून पोर्तुगीज सांतो-सांता-सांव, स्पॅनिश सान, फ्रेंच सें आणि इंग्रजी सेंट. या लॅटिनच्या लेकी असलेल्या भाषांत 'पवित्र' आणि 'संत' एकाच शब्दाने सांगता येतं. इंग्रजीत मात्र जर्मानिक घरातला 'होली' आणि फ्रेंचमधून आलेला 'सेंट' असे दोन वेगळे शब्द झाले, आणि होली ही वस्तूची किंवा देवाची गोष्ट, सेंट ही खास माणसांची, अशी फूट पडली. जुना 'हॅलो' (hallow, फोनवरचा हॅलो नव्हे) हा शब्द दोन्ही पेलायचा, तो आता हॅलोविनच्या नावात उरलाय, म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ (सण १ नोव्हेंबरला असतो). मुंबईतल्या सांताक्रूझमध्ये कुणी क्रूझ नावाची संतीण होती असं काही जणांना वाटतं, तर तसं नाही, पोर्तुगीजमध्ये सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. तिथे 'सांता' चा जुना रुंद अर्थ अजून जिवंत आहे आणि आपण लोकलमध्ये रोज तो ऐकतो.

मग खास माणसांना संत म्हणणं कुठून आलं? हुतात्म्यांपासून. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याला जाळून मारलं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याची हाडं गोळा करून जपली आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं, त्या दिवसाला त्यांनी जन्मदिवस म्हटलं. छळ थांबल्यावर रक्त न सांडता कठोर जीवन जगलेले तपस्वी, बिशप यांनाही तसा मान मिळू लागला. शेकडो वर्षं हे लोकांच्या प्रेमातून आणि स्थानिक बिशपच्या संमतीने चालायचं. पोपने औपचारिकपणे संत घोषित केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ सालची, ऑग्सबर्गच्या उलरिकची, आणि १२३४ मध्ये हा अधिकार पोपकडेच राहील असं कायद्यात आलं. आज कॅथलिक चर्चमध्ये देवाचा सेवक, मग वंदनीय, मग धन्य, मग संत अशा पायऱ्या आहेत, चमत्काराची छाननी डॉक्टरांकडूनही होते, हुतात्म्याला धन्य ठरवायला मात्र चमत्कार लागत नाही. आणि चर्चची शिकवण अशी की संताची पूजा करायची नसते, पूजा फक्त देवाची, संताला मान द्यायचा आणि आपल्यासाठी प्रार्थना कर अशी विनंती करायची.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ रोमपासून वेगळे झाले, त्या धर्मसुधारणेत यावरच मोठा वाद झाला. ल्यूथरवाद्यांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात संतांची आठवण ठेवा, उदाहरण घ्या, पण त्यांचा धावा करू नका असं म्हटलंय. त्यामुळे प्रोटेस्टंट माणूस 'संत' म्हणतो तेव्हा बहुतेक पौलाचाच अर्थ घेतो. पण कॅथलिक चर्चही तो अर्थ विसरलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात पवित्रतेचं बोलावणं सगळ्यांना आहे यावर एक पूर्ण प्रकरण आहे. ऑर्थोडॉक्स उपासनेत प्रभुभोजनाआधी 'पवित्र गोष्टी पवित्र जनांसाठी' असं पुकारतात, आणि ते समोर उभ्या असलेल्या मंडळीला उद्देशून असतं.

मराठीत आणखी एक पदर आहे. आपला 'संत' हा लॅटिन सांक्तुसचा कोणी लागत नाही, तो संस्कृत 'सत्' वरून, 'सन्तः' म्हणजे सज्जन, खरे असलेले. उच्चार जुळतो तो योगायोग. मराठी बायबलने हागिओईसाठी 'पवित्र जन' हा शब्द घेतला, आणि तो योग्यच केला असं मला वाटतं, कारण 'संत' म्हटलं असतं तर करिंथची भांडणारी माणसं वाचकाच्या डोळ्यासमोर आलीच नसती. मात्र त्यात गंमत अशी की वारकऱ्यांत वारीला चाललेला प्रत्येक जण दुसऱ्याला माउली म्हणून पाया पडतो, तिथे पात्रता कोणी विचारत नाही, आणि ते मला पौलाच्या नमस्काराच्या फार जवळचं वाटतं.

पदवीच्या अर्थाने संत झालेल्यांत आपल्या भागातले ठळक दोन. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, फ्रान्सिस्कन ब्रदर, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २५ जणांबरोबर क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत घोषित झाले, आणि वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे ते घरचे संत आहेत. गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ श्रीलंकेत लपूनछपून सेवा करत १७११ मध्ये कँडीला वारले, १९९५ मध्ये धन्य आणि १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत संत घोषित झाले, दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. त्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथात बाप्तिस्मा घेतलेल्या, आणि त्या पंथात रोमसारखी चौकशीची पद्धत नाही, नावं नुसती स्मरणाच्या कॅलेंडरमध्ये घेतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये त्यांचा दिवस ३० एप्रिल, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये ५ एप्रिल, म्हणजे १९२२ मध्ये त्या गेल्या तो दिवस. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. इंग्लंडच्या कॅलेंडरमध्ये त्यांच्या नावाआधी 'सेंट' नाही, नावापुढे लिहिलंय: शास्त्राच्या भाषांतरकार.