क्षारपड जमीन

विरघळणारे क्षार किंवा मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम प्रमाणाबाहेर साचून नापीक होत गेलेली जमीन. महाराष्ट्रात मातीचे हे प्रदूषण मुख्यतः बागायतीच्या पाठोपाठ आले. 1880च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि काही दशकांतच बारामतीकडच्या काळ्या जमिनी पाणथळ व खारट होऊ लागल्या. पुढे मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रात आणि कृष्णा, वारणा, पंचगंगेकाठच्या शिरोळ, मिरज, वाळवा या ऊसपट्ट्यात तेच घडले.

जमिनीत मीठ कुणी आणून टाकत नाही, ते पाण्याबरोबर येते. पाण्याची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) 0.5 डेसिसायमन प्रति मीटर असेल, म्हणजे पाणी प्यायला गोड लागत असेल, तरी त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 320 मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षभरात 2,000 मिलिमीटर पाणी दिले तर हेक्टरी 20,000 घनमीटर पाण्यातून सुमारे 6.4 टन क्षार शेतात येतात. पीक पाणी उचलते, क्षार बहुतांशी मागे ठेवते. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते खाली धुऊन जातात. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते आणि नदीकाठी उतारही नसतो, म्हणून पाण्याचा निचरा होत नाही, भूजलपातळी वर येते. ती एक-दीड मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाकडे चढते, उन्हाळ्यात उडून जाते आणि क्षार वर राहतात. शेतकरी याला ‘मीठ फुटलं’ म्हणतात. बुजवलेले ओढे, रस्त्यांखालच्या तोकड्या मोऱ्या, पाझरते पाट आणि रात्री पाणी सोडून घरी जायची सवय यांनी भर पडते. काही ठिकाणी विहिरीचे मचूळ पाणी किंवा मळीचे सांडपाणी बेसुमार सोडल्यानेही जमीन बिघडते.

जमीन नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवल्याशिवाय उपाय करू नये. संपृक्त मातीच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या) अर्काची वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू (pH) 8.5 च्या आत आणि विनिमयक्षम, म्हणजे कणांना चिकटलेले, सोडियम 15 टक्क्यांहून कमी असेल तर ती क्षारयुक्त. वाहकता 4 हून कमी, पण सोडियम 15 टक्क्यांवर आणि सामू 8.5 च्या पुढे असेल तर ती चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण. अहवाल वाचताना एक फसगत वारंवार होते: अनेक प्रयोगशाळा एक भाग माती व अडीच भाग पाणी घेऊन वाहकता मोजतात. तो आकडा बराच कमी येतो, त्याला 4 ची मर्यादा लावता येत नाही. नमुना घेताना पांढऱ्या पट्ट्याची माती चांगल्या मातीत मिसळू नये आणि 90 सेंटिमीटरपर्यंत थराथराने वेगळे नमुने घ्यावेत.

घरी अंदाज घ्यायचा तर मूठभर माती पेलाभर पाण्यात ढवळून ठेवावी. क्षारयुक्त मातीचे पाणी लवकर निवळते, चोपण मातीचे दोन दिवसांनीही गढूळच राहते. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात. ओली असताना अशी जमीन साबणासारखी बुळबुळीत लागते, वाळली की ढेकूळ फुटत नाही. वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, सापडत नाही, पेरणी लांबते.

क्षारांमुळे जमीन ओली असूनही मुळांना पाणी उचलता येत नाही. उसाचे उत्पादन वाहकता 1.7 ओलांडल्यापासून दर डेसिसायमनमागे सुमारे 5.9 टक्के घटते, म्हणजे वाहकता 5 झाली की पाचवा हिस्सा जातो. गहू, कापूस त्याहून अधिक सोसतात, घेवड्याला मात्र थोडे क्षारही बाधतात. सामू वाढला की लोह, जस्त मिळेनासे होते आणि उसावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात. रसात क्षार उतरतात, त्यामुळे गूळ खारट व काळपट होतो, नीट बसत नाही, टिकत नाही.

उपचाराची सुरुवात निचऱ्यापासून करावी. भूमिगत पद्धतीत गाळणीचे कापड गुंडाळलेले सच्छिद्र पीव्हीसी पाइप सुमारे 1 ते 1.2 मीटर खोल, मातीप्रमाणे 10 ते 30 मीटर अंतराने उताराला टाकतात आणि मोठ्या पाइपने ओढ्याला जोडतात. खालच्या शेतकऱ्याने वाट दिली नाही किंवा ओढा तुंबलेला असेल तर सगळा खर्च वाया जातो, म्हणून हे काम गटाने करायला हवे. शिरोळ तालुक्यात ते तसेच उभे राहिले.

क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणे पुरते. चोपणला जिप्सम लागते: त्यातले कॅल्शियम कणावरचे सोडियम हटवते आणि सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जाते. वरच्या 15 सेंटिमीटर थरातले 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलीइक्विव्हॅलंट (रासायनिक प्रमाणाचे एकक) सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे 1.9 टन शुद्ध जिप्सम लागते. विनिमय क्षमता, म्हणजे कणांची सोडियम, कॅल्शियम धरून ठेवायची ताकद, त्याच एककात 50 असलेल्या जमिनीत सोडियम 20 वरून 10 टक्क्यांवर आणायचे तर साडेनऊ टन, आणि माल 70 टक्के शुद्ध असेल तर साडेतेरा टनांहून अधिक. पावसाळ्याआधी बारीक भुकटी वरच्या थरातच मिसळावी. खोल नांगरटीने ती विखुरते. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते, टनभर जिप्समच्या जागी सुमारे 186 किलो, पण जिवाणूंकडून त्याचे आम्ल होईपर्यंत ओल आणि वेळ द्यावा लागतो. क्षारयुक्त-चोपण जमीन जिप्समशिवाय नुसती धुतली तर क्षार जातात, सोडियम राहते आणि ती पक्की चोपण बनते.

जिप्समनंतर पाणी साचवून धुवावे, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून 40-45 दिवसांनी गाडावे. उसाची मुळे पाइपात शिरतात, गाळ बसतो, म्हणून जोडाच्या चेंबरची झाकणे दर पावसाळ्याआधी उघडून पाइप वाहते करावे लागतात. पाइप टाकल्यावरही मोकाट पाटपाणी चालू ठेवले तर त्यातून चांगले पाणी आणि नत्र वाहून जाते. पाळीपाळीने मोजके पाणी किंवा ठिबक वापरले तर पाइपवरचा भार कमी होतो. मात्र ठिबकात क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात, ते मुळांत परत येऊ नयेत म्हणून वळवाच्या हलक्या सरीच्या वेळी ठिबक बंद करू नये.