समाजमाध्यमांद्वारे मुक्त व्यवसायाची प्रसिद्धी

कोणाची नोकरी न पत्करता, एकट्याने किंवा दोघातिघांच्या साहाय्याने, कामागणिक मोबदला घेऊन सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाने आपले काम, कौशल्य आणि उपलब्धता समाजमाध्यमांतून संभाव्य ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची रीत. चित्रकार, छायाचित्रकार, अनुवादक, संपादक, संगणक प्रोग्रॅमर, हिशेबनीस, सल्लागार, खासगी शिक्षक असे नानाविध फ्रीलान्सर तिचा अवलंब करतात. कंपन्यांच्या समाजमाध्यम-विपणनाची ही छोटी आवृत्ती होय, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. परंतु दोहोंचे गणित निराळे आहे. कंपनीला माल जितका खपेल तितका हवाच असतो. फ्रीलान्सरपाशी विकायला असतात ते स्वतःचे तास, आणि ते मोजके असतात. वर्षाकाठी थोडी पण चांगली कामे मिळाली तरी ज्याचे भागते, त्याचे काम लाखभर अनोळखी लोकांनी पाहिल्याने फारसे साधत नाही. गरज पडेल त्या दिवशी शे-दोनशे योग्य लोकांना त्याचे नाव आठवणे महत्त्वाचे. प्रस्तुत नोंदीतील विवेचन हा फरक मध्यवर्ती धरून केले आहे.

उगम : या रीतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. डॅना बॉइड आणि निकोल एलिसन यांनी २००७ मध्ये समाजजाल-संकेतस्थळांची जी व्याख्या केली, तीत तीन लक्षणे आहेत : व्यक्तीचे प्रोफाइल, तिच्या संपर्कांची दिसणारी यादी आणि त्या यादीतून इतरांच्या याद्यांत शिरण्याची सोय. या कसोटीवर १९९७ मधील ‘सिक्स डिग्रीज’ हे पहिले संकेतस्थळ ठरते. व्यावसायिक ओळखीपाळखींसाठीच उभारलेले लिंक्डइन मे २००३ मध्ये खुले झाले, म्हणून या मताने व्यावसायिक प्रसिद्धीचा इतिहास बहुधा तेथपासून सुरू होईल. याउलट आंद्रेआस कापलान आणि मिखाएल हेनलाइन यांनी २०१० मध्ये समाजमाध्यमांची वंशावळ यूजनेटपर्यंत मागे नेली. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये या चर्चाजालाची कल्पना मांडली व १९८० च्या सुमारास ते कार्यान्वित झाले. समाजजालांचा सर्वसाधारण इतिहास लिहिताना बॉइड-एलिसन यांची काटेकोर व्याख्या उपयोगी आहे. फ्रीलान्सरच्या प्रसिद्धीपुरते पाहता मात्र दुसरी वंशावळ अधिक बोलकी वाटते.

याचे कारण यूजनेटवरील स्वाक्षरीच्या प्रथेत सापडते. अमेरिकेत इंटरनेटचा कणा असलेल्या एनएसएफनेट या जालावर व्यापारी वापरास बंधन होते आणि एप्रिल १९९५ मध्ये ते जाल बंद होईपर्यंत या धोरणाची छाया सगळ्या चर्चाविश्वावर राहिली. उघड जाहिरात शिष्टसंमत नव्हती. मात्र मजकुराखाली आपोआप जोडली जाणारी स्वाक्षरी चालत असे. ती चार ओळींहून मोठी असू नये, हा संकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा १९९० च्या आरंभी रूढ झाला असावा. या चार ओळींत नाव, व्यवसाय आणि पत्ता मावत. एखाद्या किचकट प्रश्नाचे नेमके उत्तर देणारा माणूस कोण आणि तो कोठे भेटेल, हे वाचणाऱ्याला उत्तराच्या तळाशी कळे. उपयोगी पडणे आधी आणि ओळख नंतर, हा क्रम येथे पक्का झाला. आजच्या प्रोफाइलमधील दोन-तीन ओळींची ओळख ही त्या स्वाक्षरीचीच वारसदार मानता येते.

दुसरे एक प्रकरण मात्र आरंभबिंदू म्हणून अधिक वेळा सांगितले जाते. १२ एप्रिल १९९४ रोजी लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या अ‍ॅरिझोनातील वकील दांपत्याने अमेरिकेतील स्थायी वास्तव्याच्या परवान्यांच्या सोडतीसंबंधी आपली सेवा जाहीर करणारा एकच मजकूर ५,५०० हून अधिक चर्चागटांत टाकला. संतापाची लाट उसळली आणि त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्यांचे खाते बंद केले. या जाहिरातीतून सुमारे एक लाख डॉलरचे काम मिळाले, असा त्यांचा दावा होता. एका लहान व्यवसायाने सामायिक चर्चाजालावर केलेली ही जाहिरात होती, हे खरे. त्यामुळे काही लेखक तिला या क्षेत्रातील पहिले ठळक उदाहरण मानतात. तथापि त्या प्रकरणातून जी परंपरा निघाली ती घाऊक अनाहूत संदेशांची. परस्परविश्वासावर चालणारा आजचा व्यवहार स्वाक्षरीच्या परंपरेशी अधिक जुळतो.

पुढील टप्पे सुपरिचित आहेत. डेव्हियंटआर्ट (२०००), फ्लिकर (२००४) आणि यूट्यूब (२००५) यांमुळे दृश्य कामाचे नमुने मांडण्याची सोय झाली. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना सुचवली. फेसबुकने नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने सुरू केली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले.

क्रमनिर्धारण : टाकलेली पोस्ट कोणाला दिसणार, हे आज बहुतांशी अल्गोरिदम ठरवतो. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या क्रमनिर्धारणाचे स्वरूप विकासकांच्या परिषदेत ‘एजरँक’ या नावाने उलगडून सांगितले. त्यात तीन घटकांचा गुणाकार होता : पाहणारा आणि पोस्ट करणारा यांची जवळीक, कृतीचे वजन (टिप्पणीचे वजन पसंतीहून अधिक) आणि उलटलेला काळ. पुढे ही सूत्रे कितीतरी गुंतागुंतीची झाली, तरी हे तीन घटक वेगवेगळ्या रूपांत टिकून आहेत. जून २०१४ मध्ये फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार एका सर्वसाधारण वापरकर्त्याला एका भेटीत दिसू शकतील अशा सुमारे १,५०० गोष्टी असतात आणि त्यांतील सुमारे ३०० निवडून दाखवल्या जातात. व्यावसायिक पानांची विनाशुल्क पोहोच त्या काळात झपाट्याने घटत होती. ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेच्या पाहणीत ती ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे १२ टक्के होती, ती फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आली. जानेवारी २०१८ मध्ये कुटुंबीय व मित्र यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाल्यावर पानांची जागा आणखी आक्रसली. एकट्याने व्यवसाय करणारे कित्येक जण पानापेक्षा व्यक्तिगत खात्यावरून बोलणे पसंत करतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

या यंत्रणेच्या आत डोकावण्याची संधी क्वचित मिळते. ट्विटरने ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या शिफारस-प्रणालीचा बराच भाग खुला केला आणि त्यासोबत क्रम लावण्याची वजनेही काही दिवसांत प्रसिद्ध झाली. वाचक एखादी कृती करण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधून त्या शक्यतेला वजनाने गुणले जाई. पसंतीचे वजन ०.५, पुढे पाठवण्याचे १, उत्तराचे १३.५, आणि वाचकाने दिलेल्या उत्तराला मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर त्याचे वजन ७५ होते. म्हणजे नुसत्या पसंतीपेक्षा दुहेरी संवादाला दीडशेपट मोल होते. तक्रारीचे वजन उणे ३६९ होते. हे आकडे एका माध्यमाचे आणि एका काळचे आहेत. ते इतरत्र जसेच्या तसे लावू नयेत. मात्र उपलब्ध पुराव्यांपैकी हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे आणि तो फ्रीलान्सरला अनुकूल आहे. प्रत्येक टिप्पणीला स्वतः, विचारपूर्वक उत्तर देणे मोठ्या कंपनीला जड जाते. चाळीस वाचक असलेल्या अनुवादकाला ते सहज जमते. रोज किती वेळा आणि किती वाजता पोस्ट करावी, याबद्दल दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांना एवढा भक्कम आधार नाही.

ओळखींचे स्वरूप : काम कोणाकडून येते, या प्रश्नावर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधील ‘दुर्बल बंधां’विषयीचा, म्हणजे वरवरच्या ओळखींविषयीचा, शोधनिबंध मूलभूत मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याची-तुमची भेट किती वेळा होत असे. सुमारे १७ टक्के लोकांच्या बाबतीत ती वारंवार होई, सुमारे ५६ टक्क्यांच्या बाबतीत अधूनमधून आणि २८ टक्क्यांच्या बाबतीत क्वचित. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते, नवी बातमी दूरच्यांकडे असते, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याने या सिद्धांताला आधार दिला, पण त्यात दुरुस्तीही सुचवली : अगदी क्षीण ओळखीपेक्षा मध्यम दुर्बल ओळख अधिक फलदायी ठरते. हे दोन्ही अभ्यास नोकरीविषयीचे आहेत, सुट्या कामांविषयीचे नाहीत. तरी जुने सहकारी, एकदा काम दिलेले ग्राहक, एकाच क्षेत्रातील समव्यावसायिक यांचे वर्तुळ जागते ठेवणे हाच समाजमाध्यमांचा फ्रीलान्सरला होणारा मुख्य लाभ आहे, हे मत त्यांतून बळकट होते. समव्यावसायिकांना प्रतिस्पर्धी समजून टाळणे नुकसानीचे ठरते. हात भरलेला चित्रकार आलेले काम ज्याच्याकडे वळवतो, तो त्याच्या माहितीतलाच असतो.

आशय : चित्रे, छायाचित्रे, मांडणी अशा दृश्य कामांत तयार नमुना स्वतःच बोलतो. अर्धवट आराखडा, नाकारलेले पर्याय आणि त्यामागची कारणे दाखवली, तर ग्राहकाला कामाची पद्धतही कळते. संपादन, अनुवाद, हिशेब, सल्ला यांचे तसे नाही. तेथे चांगले काम दिसतच नाही आणि ते पुष्कळदा गोपनीय असते. अशा व्यावसायिकांनी प्रत्यक्ष कामाऐवजी त्या क्षेत्रातील नेहमीच्या अडचणींची उकल मांडण्याचा मार्ग धरलेला दिसतो. ग्राहकासाठी केलेले काम दाखवण्यापूर्वी त्याची लेखी संमती घेणे आणि प्रकाशनाचे हक्क कोणाकडे आहेत हे करारपत्रात तपासणे आवश्यक असते. एकाच खात्यावर नातेवाईक, जुने ग्राहक आणि संभाव्य ग्राहक एकत्र येतात. या सरमिसळीला अ‍ॅलिस मार्विक आणि बॉइड यांनी ‘संदर्भांचा ढासळ’ म्हणून विश्लेषिले आहे. कोणाशी कोणत्या सुरात बोलावे हा पेच त्यातून उद्भवतो. स्वतंत्र खाते काढणे हा एक उपाय आहे, पण दोन खाती सांभाळण्याचे ओझे वाढते.

मर्यादा व धोके : समाजमाध्यमावरील जागा आपल्या मालकीची नसते. लघुचित्रफितींचे माध्यम असलेले व्हाइन २०१३ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०१७ मध्ये बंद पडले. सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास एकाच वेळी बंद होते. त्यामुळे स्वतःचे साधे संकेतस्थळ आणि संमतीने जमवलेली ईमेल पत्त्यांची यादी हा पाया, आणि समाजमाध्यमे ही तेथे आणणारी वाट, अशी रचना सुचवली जाते. ती ग्राह्य वाटते.

दुसरा धोका श्रमांचा. ब्रुक एरिन डफी यांनी पुढे कधीतरी मोबदला मिळेल या आशेवर केलेल्या विनामोबदला आशयनिर्मितीला ‘आकांक्षी श्रम’ म्हटले आहे आणि त्याचे फळ थोड्यांनाच मिळते हे दाखवून दिले आहे. त्यांचा अभ्यास प्रामुख्याने फॅशन व सौंदर्य क्षेत्रातील तरुण स्त्रियांचा असला, तरी इशारा व्यापक आहे : पोस्ट तयार करण्यात गेलेला वेळ बिलात धरता येत नाही.

विकत घेतलेले फॉलोअर आणि रचलेले अभिप्राय यांनी विश्वास जातो, शिवाय कायद्याचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री आणि व्यापारी प्रभावाचा आभास निर्माण करण्यासाठी जाणूनबुजून केलेली बनावट फॉलोअरांची खरेदी-विक्री यांवर बंदी घालणारा नियम मंजूर केला. तो ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला.

सशुल्क जाहिरात थोड्या पैशांत सुरू करता येते, मात्र ती बहुधा ठरावीक दराच्या, लवकर समजणाऱ्या सेवांना मानवते. दीर्घ सल्लामसलतीच्या कामांना कमी.

मोजमाप : पसंती, फॉलोअर आणि पाहणाऱ्यांची संख्या माध्यमेच पुरवतात, पण त्या आकड्यांचा मिळकतीशी संबंध सैल असतो. प्रत्येक नव्या चौकशीच्या वेळी ‘माझ्याविषयी कोठून कळले?’ असे विचारून उत्तर, कामाची रक्कम आणि ते पुन्हा आले का, एवढे साध्या वहीत नोंदवणे अधिक उपयोगी असते. अशी नोंद किमान वर्षभर ठेवावी लागते. पोस्ट वाचणे आणि काम देणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, आणि ज्याने पोस्ट वाचली तो स्वतः ग्राहक न होता दुसऱ्याला नाव सुचवणारा असू शकतो.