पिशवीच्या तोंडाची लांबी

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं खानापूर-निपाणीकडच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. ते खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट. पण त्यामागची धास्ती खरी होती. ३७ आठवड्यांआधी कोण बाळंत होणार, हे ओळखायचं साधनच नव्हतं. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाची लांबी हे ते साधन.

उपाय मात्र हे साधन येण्याआधीच सापडला होता. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. शिरोडकर यांनी मुंबईत गर्भाशयाच्या सैल तोंडाला टाका घालायची पद्धत काढली, १९५५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ‘पिशवीला टाका’ म्हणतात तो हाच. पण तो कुणाला घालायचा, हे आधी किती गर्भ गेले त्यावर ठरे. दोन-तीन बाळं गमावल्यावर उपचार! आजही हे वाचून पोटात कालवतं.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सोनोग्राफीची पहिली चित्रं छापली. तोंडाची लांबी नेमकी कळू लागली ती १९८० च्या दशकात, आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी आल्यावर. पोटावरून पाहताना लघवीची पिशवी भरलेली असली, की तोंड आहे त्याहून लांब दिसतं. ‘आतून’ म्हटल्यावर बायका बिचकतात, पण बाळाला त्यानं इजा होत नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेत सुमारे २,९०० गरोदर बायकांची मोजमापं प्रसिद्ध झाली. तोंड जितकं आखूड, तितका धोका मोठा. २५ मिलिमीटरची रेघ रूढ झाली. तरी ३५ आठवड्यांआधी बाळंत झालेल्यांपैकी जेमतेम ३७ टक्के या रेघेखाली सापडल्या होत्या. २००७ मध्ये, १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड तोंड असलेल्यांना रोज रात्री प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) दिल्यावर ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं ३४ वरून १९ टक्क्यांवर आली.

अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टाळायच्या कामात बेळगावही आहे. पहिलटकरणींना कमी मात्रेचं ॲस्पिरिन देऊन पाहणारा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला सहा देशांचा अभ्यास इथेही झाला. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर उतरली.

तोंड मोजायची वेळ १८ ते २४ आठवडे. पहिलटकरीण तेव्हा सासरीच असते. सातव्यात डोहाळजेवण झालं, की चंदगड-गडहिंग्लजला माहेरी जाते. तो मिलिमीटरचा आकडा तिच्या तायी कार्डात, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदरपणाच्या नोंदकार्डात, घातलेला असला, तरच पलीकडच्या महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना तो दिसतो.