टेबल सॉच्या विंगमधील राउटर टेबल

टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल आरीच्या, बाजूला जोडलेल्या फळीत (एक्स्टेन्शन विंगमध्ये) राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने (बिटाने) लाकूड कोरणारे यंत्र, उलटा टांगून केलेली व्यवस्था. उत्तर अमेरिकेतील घरगुती सुतारशाळांत ती विशेष रूढ आहे. तिथे गाडीच्या गॅरेजातच कारखाना मांडलेला असतो आणि स्वतंत्र राउटर टेबलाला जागा उरत नाही. टेबल सॉचे बिडाचे सपाट टेबल, भक्कम पाया आणि सरकता फेन्स (लाकूड सरळ सरकवण्यासाठीची आधारपट्टी) आधीच हाताशी असतो, त्याचाच इथे उपयोग होतो.

विंग बहुधा उजवीकडची निवडतात. १८ मिमी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) दोन थर चिकटवून ती करता येते. सनमायका वर आणि खाली दोन्हीकडे लावावा. एकाच बाजूला लावल्यास फळी वाकते. कोकणासारख्या दमट हवेत एमडीएफच्या उघड्या कडा पाणी शोषून फुगतात, म्हणून त्या रंगाने किंवा पट्टीने बंद करणे आवश्यक आहे. राउटरच्या वजनाने फळी झोळ खाऊ नये यासाठी खाली लोखंडी अँगल किंवा टोकाला पाय देतात.

राउटर थेट फळीला न लावता ॲल्युमिनियमच्या किंवा फिनॉलिकच्या (राळेपासून केलेल्या कडक पदार्थाच्या) प्लेटला लावतात. प्लेटसाठी आरपार चौकोन कापून त्याच्या कडेने सुमारे १० मिमी रुंदीचा पताम, म्हणजे प्लेट टेकण्यासाठी पायरीसारखी खाच, सोडतात. पताम प्लेटच्या जाडीपेक्षा किंचित खोल ठेवायचा आणि उरलेला फरक कोपऱ्यांतल्या स्क्रूंनी भरून काढायचा. सगळ्या कामाचा कस इथेच लागतो. प्लेट आणि टेबलावर सरळ पट्टी ठेवून फिरवल्यास ती कुठेही डुगडुगता कामा नये. प्लेट कागदभर वर राहिली तर लाकूड तिच्या कडेला अडते, आणि खाली राहिली तर बिटाजवळ खोली बदलते.

फेन्स आरीचाच वापरतात. त्यावर दोन तुकड्यांची लाकडी जोडपट्टी बसवून मधल्या फटीत बिट ठेवतात. तिच्या मागे धूळ ओढणारी नळी जोडता येते. वरून पाहिल्यास उलटा राउटर घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरतो. म्हणून फेन्स पलीकडे आणि बिट आपल्या बाजूला असताना लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. फेन्स आणि बिट यांच्या मधून लाकूड कधीही घालू नये; बिट ते हिसकावून घेते आणि मागोमाग हातही ओढला जातो.

वेगाचा हिशेबही टाळून चालत नाही. १२ मिमी व्यासाचे बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरले, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर होतो. त्याच फेऱ्यांना दरवाजाच्या पॅनेलचे ८५ मिमीचे बिट जवळजवळ ९८ मीटर गाठते, जे धोक्याचे आहे. अशा बिटासाठी फेऱ्या १०,००० च्या आसपास आणाव्या लागतात. त्यामुळे वेग कमी-जास्त करता येणारा, अर्धा इंची कॉलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) दणकट राउटरच इथे शोभतो. सनमायका कापायचा छोटा ट्रिमर पॅनेलच्या कामाला पुरत नाही.

राउटरचे बटण टेबलाखाली चाचपडत शोधावे लागू नये म्हणून समोर वेगळा स्विच बसवतात. आरीवर काम सुरू करण्यापूर्वी बिट खाली घेतात, आणि बिट बदलताना राउटरचा प्लग काढतात.

या सोयीची खरी किंमत फेन्सच्या रूपाने मोजावी लागते. राउटरसाठी फेन्स हलवला की आरीवर लावलेले माप जाते. एकाच मापाच्या पट्ट्या पुन्हा कापायच्या असतील, तर सगळ्या आधीच कापून ठेवाव्यात. विंगवर स्वतंत्र छोटा फेन्स क्लॅम्पने बसवला की ही अडचण बरीच सुटते, पण रुंद फळ्या चिरताना तो उतरवावाच लागतो.