फेमाचा ट्रेलर आणि कतरिना कॉटेज: दिसायला सारखे, वागायला वेगळे

कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर लोक कशात राहिले, असं विचारलं तर बहुतेक जण ‘सरकारने दिलेल्या छोट्या घरांत’ एवढंच सांगतील. त्या एका उत्तरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्या जातात: फेमाचा ट्रेलर आणि कतरिना कॉटेज. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण ट्रेलर साधारण २८० चौरस फुटांचा होता आणि पहिलं कॉटेज ३०८ चौरस फुटांचं. एखाद्या खोलीपुरतासुद्धा फरक नाही.

आधी ट्रेलर. फेमा ही अमेरिकेची केंद्रीय आपत्ती यंत्रणा. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ आलं आणि लाखो लोक बेघर झाले, तेव्हा फेमाने सुट्टीत गाडीमागे जोडून न्यायचे ट्रेलर हजारोंनी विकत घेतले. कारखान्यातून तयार मिळतात, ओढून आणले की झालं. पण ते बनवलेले असतात चार दिवसांच्या सहलीसाठी. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला एकावर एक बंक, मधे चिंचोळी मोरी आणि जेवणाचं टेबल, तेच रात्री पाडून झोपायची जागा करायची. यात चार माणसांचं कुटुंब महिनोन् महिने राहिलं. २००६ मध्ये तर असं लक्षात आलं की एका ट्रेलरची किल्ली दुसऱ्यालाही लागू शकते, आणि लाखभर ट्रेलरांची कुलपं बदलायची वेळ आली.

खरी अडचण भिंतींत होती. प्लायवूड आणि भुशाच्या दाबीव फळ्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी त्यावर मर्यादा होती, सहलीच्या ट्रेलरना मात्र ती लागू नव्हती, कारण कायद्याच्या दृष्टीने ते घर नव्हतंच, वाहन होतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने फेमाच्या ५१९ ट्रेलर आणि तात्पुरत्या घरांतली हवा तपासली. २००८ मध्ये आलेल्या निकालात सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग भरलं. एरवी घरातल्या हवेत ते १०-२० च्या आसपास असतं. डोळे चुरचुरतात, खोकला जात नाही, ही रहिवाशांची तक्रार त्याआधी दोन वर्षं चालूच होती.

आता कॉटेज. ऑक्टोबर २००५ मध्ये नगररचनाकार आंद्रेस द्वानी यांच्या पुढाकाराने मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी इथे वास्तुविशारदांची मोठी बैठक भरली. तिथून निघालेल्या विचारावर मेरियान क्युसॅटो यांनी ३०८ चौरस फुटांचं पिवळं घर आखलं, आणि जानेवारी २००६ मध्ये ते ऑरलँडोच्या बांधकाम प्रदर्शनात उभं राहिलं. समोर ओसरी, वर उतरतं छप्पर, किनाऱ्यावरच्या जुन्या घरांचं वळण. ओसरी ही हौस नव्हे. आत जागा एवढीशी असली की बसणं-उठणं बाहेर व्हावं लागतं, आणि ओसरीवरचा माणूस शेजाऱ्याशी बोलतो. शिवाय हेतू असा की आज यात राहा, उद्या त्याच जागेवर मोठं घर बांधा आणि हे मागे पाहुण्यांची खोली म्हणून ठेवा. पुढे बांधकाम साहित्याच्या एका मोठ्या साखळीने त्याचे नकाशे आणि सामानाचे संचही विकायला काढले.

मग सरकारने सरळ कॉटेजच का वाटली नाहीत? कारण आपत्तीनंतरच्या मदतीच्या स्टॅफर्ड कायद्यात घर द्यायचं ते तात्पुरतंच, साधारण १८ महिन्यांसाठी, असा मुख्य रोख होता. कायमचं घर देणं हे फेमाचं नेहमीचं काम नव्हे. गंमत बघा, तात्पुरतं म्हणून ते स्वस्त पडतं असंही नाही. ट्रेलर आणायचा, जागा तयार करायची, वीज-पाणी जोडायचं, देखभाल करायची आणि शेवटी उचलून न्यायचा. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये काढलेला अंदाज असा: खासगी जागेवरच्या ट्रेलरला सुमारे ३०,००० डॉलर, पण मिसिसिपीतल्या एका वसाहतीत तोच खर्च ट्रेलरमागे २,२९,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या पैशांत त्याच राज्यातल्या जॅक्सन शहरात पाच बेडरूमचं घर येत होतं!

आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) हाच फरक वेगळ्या रूपात दिसला. आधी पत्र्याच्या शेड आल्या, उन्हाळ्यात आत थांबवत नसे. नंतर पुनर्वसनात पक्की घरं मिळाली. स्थलांतरित गावांत भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फुटांचं, म्हणजे ट्रेलरपेक्षाही लहान. पण ते स्वतःचं होतं, त्याला पुढे खोली जोडता येत होती.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मिसिसिपी कॉटेजमुळे. २००६ मध्ये अमेरिकी संसदेने पर्यायी घरांच्या प्रयोगासाठी ४० कोटी डॉलर दिले, त्यातला मोठा वाटा मिसिसिपीला गेला आणि राज्याने सुमारे २,८०० कॉटेज बनवली. ओसरी होती, छप्पर होतं, आणि खाली चाकंही होती, कारण ती रस्त्याने ओढून आणायची होती. म्हणून चाकं बघून ट्रेलर म्हणू नये. चाकं काढून पक्क्या पायावर बसवलं की ते कायमचं घर होऊ शकत होतं. होऊ शकत होतं, एवढंच. कारण पूररेषेच्या वर उचलून बसवायचा खर्च मोठा होता, आणि काही नगरपालिकांनी ‘आमच्याकडे ही कायमची नकोत, आजूबाजूच्या घरांचे भाव पडतील’ म्हणून परवानगीच अडवली.