थ्रिलरची पहिली दोन मिनिटं आणि घरातली पेटी

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, थ्रिलरवाले म्हणे सुरुवातीलाच १९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांचा, 'गुप्त आवाज' सोडतात, ऐकू येत नाही पण भुतं दिसतात. हा १९ आला कुठून, तर इंग्लंडमधल्या विक टँडी या इंजिनियरने १९९८ मध्ये लिहिलं होतं की लॅबमध्ये आपल्याला दिसलेलं राखाडी भूत म्हणजे नव्या पंख्यामुळे होणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या थरथरीचा परिणाम असावा. बिचारा भूत नाही हे सांगत होता, यांनी त्यातूनच भूत काढलं!

घाबरवायला ऐकू येणारा आवाज पुरतो हो. गेल्या रविवारी भाच्याला घेऊन घोडबंदर रोडला पिक्चरला गेलो, पडद्यावर नुसता रिकामा जिना, खून नाही काही नाही, तरी पॉपकॉर्नकडे निघालेला त्याचा हात मध्येच थांबला. व्हायोलिनं सुरू झाली होती ना.

हे कसं होतं ते ऐकायला, घरी पेटी (हार्मोनियम) असेल तर काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा आणि लगेच उजवीकडच्या पांढरीचा कोमल रे एकदम दाबा. मधल्या सप्तकात एकाची सेकंदाला साधारण २७७ कंपनं, दुसऱ्याची २९४. दोन लाटा कधी जुळतात, कधी एकमेकींना खातात, आणि हे सेकंदाला फरकाइतक्या वेळा, म्हणजे १७ वेळा होतं. तार सप्तकात फरक दुप्पट, ३३ च्या आसपास. आता गंमत अशी की कानातल्या शंखात बेसिलर मेम्ब्रेन नावाचा पडदा असतो, त्यावर प्रत्येक सुराची जागा वेगळी, पण इतके जवळचे सूर जवळपास एकाच जागेवर पडतात, मेंदूला ते नीट सुटे करता येत नाहीत आणि आपल्याला खरखर ऐकू येते. साध्या बोलण्यात आवाज सेकंदाला चार-पाच वेळा लहानमोठा होतो, किंकाळीत ३० ते १५० वेळा! २०१५ च्या एका अभ्यासात अशा खरखरीला मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, जास्त प्रतिसाद देताना दिसला. म्हणजे जिना रिकामा असला तरी कानाला किंकाळीचाच वास आलेला असतो. हिचकॉकच्या 'सायको'ला (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसती तंतुवाद्यं वापरली, टायटल्स पडतानाच कळतं की हा कौटुंबिक पिक्चर नाही.

पण खरखरीने फक्त दचकायची तयारी होते, जीव टांगणीला लागायला माहिती लागते. 'टच ऑफ इव्हिल'मध्ये (१९५८) पहिल्याच शॉटला कुणीतरी बॉम्बचं टायमर फिरवतो, गाडीच्या डिकीत ठेवतो आणि पुढे ३ मिनिटांहून जास्त वेळ कटच नाही. गाडी गर्दीतून रमतगमत चाललीय. आतली बाई चेकपोस्टवर सांगते की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि तिच्याकडे कुणी लक्षसुद्धा देत नाही.