नवीन क्रेडिट कार्डांसाठी अर्ज करत राहायचा नाद

खिशात आधीच चार-पाच क्रेडिट कार्डं आहेत, त्यातली दोन तर कधी वापरलीच नाहीत, तरी नवीन कार्डाची जाहिरात दिसली की हात आपोआप 'अप्लाय नाऊ'वर जातो. असं वारंवार होणं आणि ठरवूनही न थांबणं, याला मराठीत खास शब्द नाही, बोलताना आपण सरळ 'कार्डांचा नाद' म्हणून मोकळे होतो. उधळपट्टी आणि हा नाद यांची लोक गल्लत करतात. उधळ्याला वस्तू हवी असते, कार्ड हे त्याचं नुसतं साधन. नाद असलेल्याला कार्डच हवं असतं, आणि खरं सांगायचं तर कार्डही नाही, ते मंजूर झाल्याचा क्षण हवा असतो. यातले कितीतरी लोक दर महिन्याला पूर्ण बिल भरतात, एक रुपया व्याज देत नाहीत, त्यामुळे घरच्यांनाही बरेच दिवस काही कळत नाही.

फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात. पॅन नंबर, जन्मतारीख, पगार, मग ओटीपी, मग स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र आणि त्यानंतर एकतर 'अभिनंदन' नाहीतर 'क्षमस्व'. सगळी मजा त्या चक्रातच आहे. दर वेळी 'अभिनंदन' आलं असतं तर माणूस कंटाळला असता, आणि कधीच आलं नसतं तर नाद लागला नसता, कधी येतं कधी येत नाही म्हणून तर लॉटरीच्या तिकिटासारखं परत परत करावंसं वाटतं. आणि तोट्यात काय, तर वरवर पाहता काहीच नाही, खिशातून पैसे जात नाहीत. मानसोपचारात याला स्वतंत्र आजार मानलेलं नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन वर्गीकरणात जुगाराचं व्यसन आहे, पण अति खरेदीसुद्धा त्यात वेगळा आजार म्हणून नाही, मग नुसत्या अर्जांची काय कथा.

सुरुवात मात्र उलट्या बाजूने झाली, म्हणजे आधी बँकाच लोकांच्या मागे लागल्या. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना कुणी न मागता कार्डं टपालाने पाठवून दिली. हाच प्रकार पुढे इतका बोकाळला की १९७० मध्ये अमेरिकेत न मागता कार्ड पाठवण्यावर कायद्याने बंदी आली. त्याच कॅलिफोर्नियातले वॉल्टर कॅव्हना यांनी मित्राशी पैज लावली होती, वर्षअखेरीपर्यंत कोण जास्त कार्डं जमवतो, हरणाऱ्याने जेवण द्यायचं. मित्राची १३८ झाली, यांची १४३. जेवण मिळालं, विषय संपायला हवा होता, पण गडी थांबलाच नाही आणि १,४९७ कार्डांपर्यंत पोचून गिनीज बुकात गेला. पैज, छंद आणि नाद यांच्यातली रेघ नक्की कुठे असते ते या १३८-१४३ नंतरच्या प्रवासात बघावं.

अमेरिकेत आता याचा बाकायदा उद्योग झालाय, त्याला चर्निंग म्हणतात, म्हणजे ताक घुसळल्यासारखं कार्ड घ्यायचं, सुरुवातीचा बोनस काढायचा, बंद करायचं, पुढचं घ्यायचं. एकाच दिवशी भराभर अर्ज टाकायचीही पद्धत होती, म्हणजे एका बँकेला दुसरीकडे केलेला अर्ज दिसायच्या आत काम व्हायचं. बँकाही काही झोपलेल्या नाहीत. चेस बँकेचा ५/२४ नियम प्रसिद्ध आहे, गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच कार्डं घेतली असतील तर यांच्याकडे साधारणपणे नकार. अमेरिकन एक्स्प्रेस तिथे एका कार्डाचा स्वागत बोनस आयुष्यात सहसा एकदाच देते.

भारतात आकडे त्या मानाने लहान, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातली क्रेडिट कार्डं १० कोटींच्या पुढे गेली. आपल्याकडचं आमिष म्हणजे 'लाइफटाइम फ्री' (वार्षिक फी कधीच नाही) हे दोन शब्द आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश. वर्षातून एकदा गोव्याला विमानाने जाणारा माणूस लाउंजवाली तीन कार्डं घेऊन बसतो आणि तिथे पोह्याच्या रांगेत उभा राहतो, मी स्वतः राहिलोय. त्यात मॉलमध्ये सरकत्या जिन्याशेजारी टेबल टाकून बसलेली मुलं, फोनवर 'सर तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे' म्हणणारे एजंट, ज्यांना अर्जामागे पैसे मिळतात, आणि प्री-अप्रूव्ह्ड म्हणजे मंजूर असं अजिबात नाही. शिवाय नियम मध्येच बदलतात. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखभर खर्च केला की २५,००० जादा रिवॉर्ड पॉइंट मिळायचे, सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले आणि तेवढ्यासाठी कार्ड घेतलेली मंडळी 'आता पुढचं कुठलं' विचारायला लागली.

प्रत्येक अर्जाची नोंद राहते हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. अर्ज आला की बँक सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स किंवा क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांपैकी कुणाकडे तरी तुमचा अहवाल मागवते, या चौकशीला हार्ड एन्क्वायरी म्हणतात, तुमची पत दाखवणारा ३०० ते ९०० मधला स्कोअर तिने थोडा खाली येतो. एखाद्या अर्जाने फार बिघडत नाही, पण महिन्याभरात पाच-सहा झाले की बँकेला वाटतं या माणसाला पैशाची निकड आहे. आपला अहवाल आपणच पाहिला तर स्कोअर कमी होत नाही, आणि चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी गृहकर्जाच्या वेळी पहिल्यांदा माझा काढला. शेवटच्या पानांवर बँकेचं नाव, तारीख, कारण अशी ओळीने यादी, आणि त्यातले तीन अर्ज एकाच रविवारचे. त्या रविवारी नक्की काय झालं होतं ते मला आजही आठवत नाही, पाऊस होता बहुतेक. कर्जवाल्या बाईंनी पेन्सिलीने त्या तीन ओळींना कंस केला आणि विचारलं, "हे काय आहे?"

माझ्याकडे तेव्हा अकरा कार्डं होती, दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात. कुरिअरवाला मला नावाने ओळखायचा, "दादा, परत कार्ड" म्हणत आधारचा फोटो काढायचा, आणि आई आतून विचारायची, "काय मागवलंस रे आता?"

इथवर ते नुसतं हास्यास्पद असतं. पुढे धोका होतो तो एका कार्डाचं बिल भागवायला दुसरं घेतलं की, ज्याला आपण याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतो. दक्षिण कोरियात हे देशपातळीवर झालं. १९९९ नंतर सरकारने करसवलती देऊन कार्डं वापरायला लावली, कंपन्यांनी रस्त्यावर उभं राहून ती वाटली, लोक एका कार्डातून रोकड काढून दुसऱ्याचं देणं फेडू लागले आणि २००३ मध्ये सगळा डोलारा कोसळला, एलजी कार्ड ही बडी कंपनी वाचवायला बँकांना पुढे यावं लागलं. आपल्याकडे थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सर्रास लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला.

सुटायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम उपयोगी पडतात. आलेलं कार्ड ३० दिवसांत चालूच केलं नाही तर बँकेला ओटीपीने संमती घ्यावी लागते, ती दिली नाही तर फुकटात बंद करावं लागतं. चालू कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, थकबाकी नसेल तर, सात कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. फक्त सगळ्यात जुनं कार्ड शेवटी ठेवावं, त्याच्या वयाचा स्कोअरला आधार असतो. आणि बंद झालेलं प्लास्टिकचं कार्ड चिपमधून कात्रीने कापता येतं, धातूचं मात्र कापायच्या फंदात पडू नका, माझ्या घरची कात्री त्यातच गेली.